गोलकीपरच्या जागी दगड ठेवणेबाबत

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे आरोग्य सुधारावे, म्हणून त्यांना बसल्या जागी खेळू देण्याचा निर्णय गेल्या वर्षी घेण्यात आला. त्याआधी एकदा खऱ्या मैदानावर खरा फुटबॉल खेळून पाहिला होता. पहिल्या पाच मिनिटांत लेखा शाखेचे दोघे एकमेकांवर आदळले. तिसरा धावू लागला, पण थांबायचं कसं हे न आठवल्यामुळे कुंपणापर्यंत गेला. चौकशी समितीने निष्कर्ष काढला, की खेळाला हरकत नाही, हालचालीला आहे. म्हणून 'आंतरशाखा ऑनलाइन फुटबॉल लीग' सुरू झाली. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीत बसून, आपापल्या मोबाइलवर, पडद्यावरचा आपला एक खेळाडू बोटाने पळवायचा. तीन महिन्यांत कर्मचाऱ्यांचे अंगठे कमालीचे सुदृढ झाले, असा अहवाल आहे.

मी ह्या कार्यालयात आवक-जावक कारकून. आलेला कागद आत घेतो, निघालेला बाहेर सोडतो. वीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही. जे झाले ते इतरांच्या हातून, आणि त्याची नोंद आहे. लीगमध्ये मी दुरुस्ती शाखेकडून आघाडीवर खेळतो. आमचे हाडवैरी म्हणजे मीटर शाखा, आणि त्यांचा गोलकीपर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

हा मेहुणा पाच वर्षं हंगामी मीटर वाचक होता. कायम होण्याचा त्याचा आदेश ह्याच महिन्यात निघायचा होता. घरात बायकोने त्याच्यासाठी नवा शर्टसुद्धा आणून ठेवला होता. पोरगा कामाला चोख. मीटर जिन्याखाली असो, कुत्र्याच्या मागे असो, हा वाकणार, काच पुसणार आणि जो आकडा असेल तोच लिहिणार. गोलात मात्र चेंडू येताना दिसला, की डोळे मिटून घ्यायचा.

आता खेळ पडद्यावरचा असला तरी तोंडं खरीच होती. सामना वीस मिनिटांचा, पण त्याआधी दोन दिवस आणि नंतर चार दिवस शेरेबाजी चाले. एकमेकांच्या खेळाचे, चालण्याचे, सहीचे, डब्याचे वाभाडे निघत. हे सगळं चाले कार्यालयाच्या एकुलत्या एका मोबाइल गटावर. खेळासाठी वेगळा गट काढण्याचा प्रस्ताव होता, पण तो विचाराधीन होता. त्यामुळे 'उद्या उत्तर भागात पाणी नाही' आणि 'मीटर शाखेला गोल दिसत नाही' हे दोन्ही संदेश एकाखाली एक पडत.

इथे अंगठ्याच्या परिपत्रकाबद्दल सांगणं भाग आहे. ते मीच जावक केलं, त्यामुळे मला तोंडपाठ आहे. कागद फिरायला फार वेळ लागतो, म्हणून गटावर आलेल्या प्रस्तावावर साहेबांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, की तो मंजूर. एकदा मंजूर झालेला प्रस्ताव मागे घेता येणार नाही. कलम तीनप्रमाणे, नातेवाइकाच्या फायद्याचा प्रस्ताव कोणी मांडायचा नाही. आणि कलम चार असं, की साहेब रजेवर असताना वाचणाऱ्यांची प्रतिक्रिया ग्राह्य धरावी. जो वाचून हसेल त्याची संमती समजावी, चिन्ह टाकलंच पाहिजे असं नाही. हे कलम चार गटावर आलं तेव्हा साहेब रजेवर होते. आम्ही ते वाचून पोट धरधरून हसलो. म्हणून ते मंजूर झालं.

साहेब अंगठ्याच्या बाबतीत उदार. टँकर पंक्चर झाला, अंगठा. भांडारपालांच्या सासूबाई गेल्या, अंगठा. त्यावर भांडारपाल रीतसर 'आभारी आहे' म्हणाले.

तर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आमचा मीटर शाखेशी सामना झाला. सुरुवातीलाच मी मोकळ्या गोलासमोरून चेंडू बाहेर मारला. मेहुण्याने लगेच गटावर टाकलं, "दाजी, तुमचा नेम म्हणजे दुरुस्ती शाखेचा खड्डा. पाइप इकडे, खड्डा तिकडे!"

हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण मागच्याच महिन्यात आमच्या शाखेने एका पाइपसाठी चार खड्डे खणले होते, आणि पाइप सापडला तो पाचव्या ठिकाणी, आपण होऊन फुटल्यावर. मग आम्ही ईर्ष्येला पेटलो. मेहुण्याने पाच वेळा डोळे मिटले, पाच गोल झाले. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं लिहिलं: "ह्या गोलकीपरच्या जागी दगड ठेवला असता, तरी दोन गोल कमी झाले असते."

सगळे हसले. मेहुणाही हसला, बिचारा. एक वाजून चाळीस मिनिटांनी साहेबांचा अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आस्थापनेच्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. सगळ्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा ह्या बाईंच्या हातात. बाई कधी रागावत नाहीत आणि कधी चुकत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला काही मुद्दाच उरत नाही.

"दगड कधी रुजू होतोय?" बाईंनी विचारलं.

"कसला दगड?"

"तुमचाच प्रस्ताव आहे. मंजूर झालाय काल."

"अहो बाई, तो टोमणा होता!"

"वर विषय लिहिलाय का, टोमणा म्हणून?"

"टोमण्याला कोणी विषय लिहितं का?"

"मग मी ओळखायचं कशावरून?" बाईंनी फाइल उघडली. "आता अडचण अशी, की गोलकीपर असं पद आपल्या आस्थापनेवर नाही. ज्याच्या जागी ठेवायचा, तो मीटर वाचक. तेव्हा दगडाची नेमणूक मीटर वाचक म्हणूनच करावी लागेल."

"दगड मीटर वाचणार कसा?"

"ते त्याने बघायचं. दहावी पासची अट मी विशेष बाब म्हणून शिथिल केलीय."

"आणि माझा मेहुणा?"

"एका जागेवर दोघं कसे राहतील? तो अतिरिक्त ठरला."

मी कपाळाला हात लावला. तोही बाईंना नमस्कार वाटला असावा, कारण त्यांनी मान लववली.

मग तीन जणांची दगड निवड समिती बसली. भांडारपाल अध्यक्ष. एका सदस्याने दगडापेक्षा वीट मऊ असते, असा मुद्दा मांडला. त्यावर तासभर चर्चा होऊन वीट प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आली. शेवटी मागच्या फाटकापाशी असलेल्या काळ्या दगडाची एकमताने निवड झाली. हा दगड अकरा वर्षं फाटकाचं दार उघडं धरून होता. त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, एक दिवसाची रजा नाही. दोघांनी उचलून त्याला मेहुण्याच्या खुर्चीवर बसवलं, आणि बाईंनी हजेरीपटावर त्याच्यापुढे 'उपस्थित' लिहिलं.

इकडे दगड हलताच फाटकाचं दार वाऱ्याने धाडकन मिटलं आणि टँकर बाहेर अडकला. बाईंनी पाच मिनिटांत मार्ग काढला. दगडाच्या बदलीमुळे फाटकापाशी एक जागा रिकामी झालेली होती, आणि कार्यालयात एक माणूस अतिरिक्त होता. दोन्ही प्रश्न एकाच आदेशाने सुटले.

मी तो आदेश जावक केला आणि मागे धावलो. मेहुणा दाराला पाठ लावून उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून.

"दाजी, मी इथे नक्की काय करायचं?"

"काही करायचं नाही रे. फक्त हलायचं नाही."

"आणि पाच वर्षं?" तो म्हणाला. "पाच वर्षं मी खरे आकडे लिहिले, दाजी. तुम्ही एक ओळ लिहिलीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती.

"माझ्या भावाला दगड म्हणालात?" बायकोने विचारलं.

"छे! दगड त्याच्यापेक्षा बरा, असं म्हणालो." बोलून गेल्यावर लक्षात आलं, की हा खुलासा माझ्या बाजूचा नव्हता.

"बरोबर," ती म्हणाली. "तुमच्या जागी काय ठेवावं, ह्याचा मीही विचार करते."

त्या दिवसापासून घरातला संवाद लेखी झाला. फ्रिजवर चिठ्ठी असे: 'भाजी झाकून ठेवली आहे. माहितीस्तव.' वीस वर्षं मी लोकांना ज्या भाषेत पत्रं पाठवली, ती भाषा जेवताना किती बोचते हे मला पहिल्यांदा कळलं.

मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब मोबाइलवर होते. अंगठा चालूच होता.

"साहेब, दगडाचा तो प्रस्ताव तुम्ही वाचला होतात का?"

"मी वाचत नाही हो. माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे."

"मग अंगठा कशाला दिलात?"

"कामाला गती यावी म्हणून."

"पण साहेब, माझ्या मेहुण्याला परत मीटरवर घ्यायला हवं."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मेहुणा? मग कलम तीन. नातेवाइकाचा फायदा चालत नाही."

"आणि मी त्याचा तोटा केला, तो कसा चालला?"

"त्याला कुठे हरकत आहे? घरच्यांचा तोटा करणारा माणूस निःपक्ष असतो. तुमच्या अहवालात लिहून ठेवतो मी तसं." आणि त्यांनी मला प्रत्यक्ष, हवेत, अंगठा दाखवला.

मी इतरांचे पाय धरले. माझ्यासाठी नको, त्या पोरासाठी कोणीतरी दोन ओळींचा प्रस्ताव टाका. पण मीटर शाखा एव्हाना दगडावर बेहद्द खूश होती. पुढच्या सामन्यात शाखेचा एक जुना मोबाइल टेबलावर ठेवून त्यावर दगड ठेवला गेला. दगडाचा एक कोपरा नेमका 'हात वर' ह्या बटणावर आला. वीस मिनिटं त्यांचा गोलकीपर हात वर करून मधोमध उभा. गोल झाले तीन. म्हणजे बरोबर दोन कमी. माझ्या प्रस्तावात जेवढं म्हटलं होतं तेवढं, एकाने कमी नाही, जास्त नाही. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात कुठल्याही प्रस्तावाचं उद्दिष्ट पूर्ण होण्याची ती पहिली वेळ, त्यामुळे बाहेरून पाहुणे दगड बघायला आले.

मीटरच्या कामातही दगडाने नाव काढलं. तो वाचन घेतच नसल्यामुळे नोंदवहीत 'मागीलप्रमाणे' असं लिहिलं जाई, आणि मागीलप्रमाणे म्हटलं की कोणी भांडायला येत नाही. मेहुणा खरे आकडे आणायचा; खरा आकडा कोणाला आवडतो? दगडाच्या गोपनीय अहवालात नोंद झाली: 'वक्तशीर. वरिष्ठांना उलट उत्तर देत नाही. नेमून दिलेली जागा सोडत नाही. उत्कृष्ट.' मला वीस वर्षांत 'बरा'च्या वर काही मिळालेलं नाही, हे इथे नमूद करतो.

लीगची अंतिम फेरी पुन्हा आमच्यात आणि मीटर शाखेत. मी जिद्दीने उतरलो होतो. दगडाला हरवला, की लोकांचे डोळे उघडतील, असा माझा हिशेब. पण माझे तीन फटके सरळ त्या वर केलेल्या हातांत गेले. आम्ही हरलो. मेहुणा फाटकाला पाठ लावून हे सगळं मोबाइलवर पाहत होता. साचलेलं होतं पोटात. त्याने गटावर लिहिलं, "दाजींच्या जागी भिंतीत एक खुंटी ठोका. कागद अडकवायचेच तर आहेत."

मला वाचायलाही अवसर मिळाला नाही. अंगठा आधी आला.

चार वाजता सुतार आला. खुंटी चांगली होती, सागाची. एका बाजूला आवक, दुसऱ्या बाजूला जावक.

फाटकाला दारं दोन. दुसऱ्या दाराला आजवर तार बांधलेली असे. ती तार अतिरिक्त ठरली आणि लेखा शाखेत तिची सोय झाली. तिच्या जागी मी. आता एका दाराला मेहुणा, दुसऱ्याला दाजी, आणि मधून टँकर.

पहिले दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, चुकलं माझं. रागाच्या भरात लिहून गेलो."

"सुरुवात तूच केलीस. खड्ड्याचं कोण बोललं?"

"ते खरं होतं."

"म्हणूनच तर लागलं!"

मग आम्ही दोघं मनापासून हसलो. साहेब तेव्हा कार्यालयात होते, त्यामुळे त्या हसण्यातून काही मंजूर झालं नाही.

परंतु गेल्या सोमवारी साहेब महिन्याच्या रजेवर गेले, आणि त्याच दिवशी बाईंनी प्रस्ताव ठेवला: 'दगडास मीटर वाचक पदावर कायम करणेबाबत.' कायम पद एकच. ते दगडाला गेलं, की मेहुणा जन्मभर फाटकाला. त्याने नवा शर्ट ताईला परत देऊन टाकला. ते बघून मला राहवलं नाही. मी बाईंकडे गेलो.

"बाई, काहीच मार्ग नाही?"

बाईंनी परिपत्रक पुन्हा वाचलं. बाई दुष्ट नाहीत, फक्त वाचतात. "तुम्हाला प्रस्ताव मांडता येत नाही. पण घडलं ते घडलं तसं सांगणारं निवेदन देता येईल. ते लोकांना वाचायला द्या. साहेब रजेवर आहेत, म्हणजे कलम चार. जो हसेल, तो दगडाच्या बाजूने. जो शेवटपर्यंत हसणार नाही, तो तुमच्या मेहुण्याच्या बाजूने धरीन. असा एक जरी मिळाला, तरी दगडाचं स्थगित."

"एकच पुरे?"

"एकच पुरे."

मला वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल. एका होतकरू पोराची नोकरी टोमण्यावर गेली, त्याच्या जागी दगड बसला. ह्यात हसण्यासारखं आहे काय? मी दाराला टेकून सगळं लिहून काढलं. वरती तुम्ही वाचलंत, ते हेच निवेदन.

दुरुस्ती शाखेने ते वाचलं; निवड समितीपाशी सगळे लोळले. सुतार खुंटीपर्यंत गंभीर होता. भांडारपाल स्वतःच्या सासूबाईंपाशी फुटले. बायकोने मला समोर बसवून वाचलं, आणि घरात पंधरा दिवसांनी आवाज झाला तो तिच्या हसण्याचा. 'भाजी झाकून' पाशी. मेहुण्याला म्हटलं, तू तरी! तुझंच आहे रे! तो म्हणाला, "दाजी, आता नाही हसायचो," आणि डोळे मिटण्याच्या वाक्यावर त्याला ठसका लागला.

म्हणून शेवटची आशा तुमच्यावर ठेवली. तुम्ही बाहेरचे. लीगशी तुमचा संबंध नाही, मेहुणा तुमच्या नात्यातला नाही, दगडाशी ओळख नाही. चार पुस्तकं वाचलेला माणूस दुसऱ्याचं नुकसान वाचताना गंभीर राहील, अशी माझी समजूत होती. कलम चार तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी काही लपवलं नाही.

खरं सांगा, कुठे हसलात? लेखा शाखा आदळली तिथे? वीट? की दगडाच्या गोपनीय अहवालाला? राहू द्या, बाईंनी टिपून घेतलंय. ओठ नुसते हलले तरी त्या धरतात.

तेव्हा दगड येत्या एक तारखेपासून कायम. आदेश खुंटीवरून जावक झालासुद्धा.

मेहुण्याला अजून माहीत नाही. तो समोरच्या दाराला उभा आहे, दहा पावलांवर, माझ्याकडे बघतोय. पण असली बातमी लांबून ओरडून सांगायची नसते; जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगावी लागते. तेवढं मी करून येतो. तोवर माझं हे दार जरा धरता का? अवघड नाही. काही करायचं नाही. फक्त हलायचं नाही.